भाडेवाढ म्हणे खाजगी विषय! आमच्या भागातल्या सोसायटी कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
कर्वेनगर आणि आजूबाजूच्या हाऊसिंग सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी, कमिटी मेंबर
आणि पुण्यात विधी सेवेचं काम बघणारे अधिकारी

नमस्कार,

मागच्या आठवड्यात आमच्या लिफ्टमध्ये एक नोटीस लागलीये. लॅमिनेट केलेली, म्हणजे लवकर काढायचा विचार नसावा. "भाडेकरूंनी भाडेवाढीसंबंधी तक्रारी कमिटीकडे आणू नयेत. हा ओनर व भाडेकरू यांच्यातील खाजगी विषय आहे. आदेशावरून." कोणाच्या आदेशावरून ते लिहिलेलं नाही, ते कधीच नसतं. रोज चार वेळा वर-खाली करताना ती वाचते आणि रोज चार वेळा डोकं तापतं, म्हणून शेवटी हे पत्र लिहायला बसले. सोसायटीचं नाव मुद्दाम घालत नाहीये, कारण चौकशी केली तर शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांमध्येपण हेच तोंडी सांगतात असं कळलं. आमच्यांनी फक्त लॅमिनेट केलं.

आधी माझं सांगते. मी नऊ वर्षं पुण्यात भाड्याने राहते, हे चौथं घर. नवरा, मी, आणि यंदा दहावीला असलेली मुलगी. आणि दुसरी बाजूपण सांगून टाकते, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी म्हणणारच की भाडेकरूंना फुकट राहायचं असतं. माझी आई साताऱ्याला असते, खालच्या दोन खोल्या तिने भाड्याने दिल्यात, महिन्याला साडेसहा हजार येतात आणि त्यातच तिची बीपीची औषधं आणि कामवालीचा पगार निघतो. तिचा एक भाडेकरू दोन महिन्यांचं लाईट बिल तसंच ठेवून रात्रीतून निघून गेला, ते बिल मी इथून ऑनलाईन भरलं. म्हणजे मी इथे भाडेकरू आणि तिथे घरमालकिणीची मुलगी, दोन्हीकडून शिव्या खायची मला सवय आहे.

आता झालं काय ते. आमचं भाडं होतं 18,500, डिपॉझिट 75,000. अ‍ॅग्रीमेंट संपायला 19 दिवस राहिले होते आणि ओनरचा फोन आला की पुढच्या महिन्यापासून 25,000, जमत असेल तर राहा. 35 टक्के वाढ! त्याआधीच्या वेळी 17,000 चे 18,500 केले होते तेव्हा आम्ही एक शब्द बोललो नव्हतो, महागाई सगळ्यांनाच आहे. पण 19 दिवसांत नवीन घर शोधायचं म्हणजे काय ते जे भाड्याने राहिलेत त्यांनाच कळेल. एजंटला एका महिन्याचं भाडं, टेम्पोचे पैसे वेगळे, आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे जुनं डिपॉझिट हातात पडायच्या आधी नव्या घराचं डिपॉझिट भरावं लागतं, म्हणजे मधले काही दिवस दोन घरांचे पैसे अडकलेले. त्यात मुलीची सहामाही परीक्षा तोंडावर. मी ओनरना मेसेज केला की थोडं कमी करा, त्यांनी चौथ्या मजल्यावरचे 26 देतात असं सांगितलं, मग नवऱ्याने फोन केला, मग आवाज चढले, मग नंबर ब्लॉक.

मी कमिटीकडे गेले तर हे आमचं काम नाही. चौकीत गेले, तिथल्या हवालदारांनी चहा विचारला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले ताई, हे सिव्हिल मॅटर आहे. एका वकिलांना विचारलं तर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की माझ्या फीच्या पैशात तुमची वर्षभराची भाडेवाढ निघेल, कशाला नादी लागता.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे, तो जरा नीट ऐका.

आपण सगळे धरून चालतो की भांडण झालं तर कोर्ट आहे. भाडेवाढीच्या भांडणाला नाहीये. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 आहे, तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. जुने पागडीवाले, चाळीतले भाडेकरू असतात त्यांच्यासाठी त्यात वर्षाला 4 टक्के वाढ ठरलेली आहे, चांगली की वाईट ते सोडा पण आकडा तरी आहे. आम्ही बहुतेक सगळे असतो लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी. त्यात किती वाढवायचं याला काहीच मर्यादा नाही, अ‍ॅग्रीमेंट संपलं की ओनर कितीही मागू शकतो. आणि मुदत संपल्यावर आम्ही घर सोडलं नाही तर कलम 24 खाली दुप्पट रक्कम भरपाई म्हणून आमच्या डोक्यावर बसते. म्हणजे आत बसून भांडायची सोय नाही. घर खाली करायचं की नाही एवढाच प्रश्न त्या यंत्रणेला विचारता येतो. 18,500 चे 25,000 वाजवी आहेत का, 20 चालतील का, चार महिने थांबता येईल का, हे विचारायला कोर्टात एकही खिडकी नाही. एकही नाही! मग माणसं काय करतात? एकमेकांना ब्लॉक करतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टोमणे मारतात, ओनर येऊन पाण्याचा कॉक बंद करतो, भाडेकरू जाताना भिंतीला ड्रिल मारून जातो. ह्याला तुम्ही खाजगी विषय म्हणता आणि हे सगळं होतं तुमच्याच जिन्यात.

कोणी म्हणेल मग सरकारने भाडं गोठवावं. अजिबात नको. मुंबईत ते करून झालंय. 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याला धरून स्टँडर्ड रेंट ठरलं आणि पिढ्यानपिढ्या तिथेच राहिलं, मालकाला महिन्याला येणाऱ्या भाड्यात जिन्याचा एक कठडापण दुरुस्त होईना, मग कोणी दुरुस्तीच केली नाही, आणि त्या इमारतींचं काय झालं ते दर पावसाळ्यात बातम्यांत बघतो. माझ्या आईच्या खोल्यांचं भाडं कोणी असं गोठवलं तर मीच पहिली ओरडेन. मला फिक्स आकडा नकोय. समोरासमोर बसायला एक टेबल पाहिजे आणि टेबलाच्या तिसऱ्या बाजूला एक शहाणा माणूस पाहिजे. बास.

माझ्या बाबतीत तो माणूस नशिबाने मिळाला. खालच्या मजल्यावर एक बँकेतून रिटायर झालेले काका राहतात, त्यांना आमचं रडगाणं जिन्यात ऐकू आलं असणार. त्यांनी स्वतःहून ओनरना फोन लावला, रविवारी संध्याकाळी दोघांना घरी बोलावलं, काकूंनी पोहे केले. पहिली वीस मिनिटं नुसती चिडचिड. मग काकांनी ओनरना विचारलं की 25 हाच आकडा का, तेव्हा कळलं की त्यांनी या फ्लॅटवर लोन काढलंय आणि व्याजदर वाढल्यावर हप्ता फुगला होता, आणि ते माणूस म्हणून वाईट नाहीत पण फोनवर आपल्या अडचणी सांगायची त्यांना लाज वाटत होती. आणि चौथ्या मजल्यावरचे 26 देतात ते फर्निचरसकट आणि दोन पार्किंगसकट, हेपण तिथेच कळलं. आम्ही आमचं सांगितलं, की मुलीची दहावी होईपर्यंत हलता येणार नाही. दीड तासात 20,500 वर ठरलं, पुढच्या वर्षी 6 टक्के, बाथरूमचं गळणारं छत ओनर करून देणार, आणि एजंटला रिन्यूअलचे पैसे कोणीच देणार नाही (यावर दोन्ही पार्ट्यांचं लगेच एकमत झालं). काकांनी ते एका कागदावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, नंतर तेच अ‍ॅग्रीमेंटमध्ये आलं.

पण काका नसते तर? आणि काका दर वेळी बरोबर असतातच असंही नाही. आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एका जोडप्याच्या बाबतीत असाच समेट घडवायला गेले होते कमिटीतले एक सदस्य. ते ओनरचे कॉलेजपासूनचे मित्र निघाले. त्यांनी भाड्याचं बोलायच्या ऐवजी त्या मुलीला रात्री उशिरा येणं, घरात मासे करणं यावर अर्धा तास ऐकवलं. ती दोघं महिन्याच्या आत सोडून गेली. म्हणून नुसतं कोणीतरी मध्ये पडा असं मी म्हणत नाहीये, मध्ये कोणी पडायचं आणि कसं हे ठरलेलं पाहिजे.

हे काही परग्रहावरचं नाहीये हो. आपल्याच राज्यात 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आर. आर. आबा तेव्हा गृहमंत्री होते. गावाची समिती, बांधाचं भांडण असो की भावकीचं, आधी समितीपुढे बसायचं. आता खरं सांगायचं तर कितीतरी गावांत तंटामुक्तीच्या अध्यक्षपदावरूनच तंटा व्हायचा, आमच्या आजोळच्या गावात तर सभा खुर्च्या उचलण्यापर्यंत गेलेली. तरीपण त्यातून एक सवय लागली, की तालुक्याला जायच्या आधी इथे बसून बघू. मग बांधासाठी समिती आणि बाल्कनीसाठी काहीच नाही, असं का? शहरातली निम्मी भांडणं पार्किंग आणि भाड्याचीच असतात असं मला माझ्या जिन्यावरून वाटतं.

कायद्यातसुद्धा वाट आहे. 2023 चा मध्यस्थी कायदा संसदेने केलाय, त्यात सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरणच आहे. परिसरातल्या लोकांच्या शांततेवर परिणाम करणारा वाद असेल, दोन्ही पार्ट्या तयार असतील, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) अर्ज, आणि मग तीन मध्यस्थांचं पॅनल, असं त्यात लिहिलंय (हे प्रकरण प्रत्यक्ष लागू झालंय का ते मात्र आधी विचारून घ्यायला हवं). पॅनलवर कोण बसू शकतं त्यात परिसरात मान असलेली माणसं आहेत आणि रहिवासी संघटनांचे प्रतिनिधीपण आहेत. म्हणजे तुम्हीच! तुम्ही ज्याला खाजगी विषय म्हणताय त्याच्यात कायदा लिहिणाऱ्यांनी तुमच्यासारख्यांची खुर्ची मांडून ठेवलीये. फक्त त्यात ठरलेलं कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखं अंमलात आणता येत नाही, हा त्यातला कच्चा दुवा. त्याला उपाय लोक अदालत. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे केस दाखल व्हायच्या आधीच वाद लोक अदालतीत नेता येतो, कोर्ट फी नाही, आणि तिथे तडजोड झाली की तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. आत्ता तिथे बँकांची वसुली, थकलेली बिलं, ट्रॅफिकची चलानं यांचीच गर्दी दिसते. डिपॉझिट आणि भाड्याची प्रकरणं का नाही नेत कोणी? कारण कोणी सांगितलंच नाही.

आता कमिट्यांबद्दलच्या माझ्या तक्रारी. राग मानू नका, मी शिवीगाळ करत नाहीये.

पहिली, तुमचा दुटप्पीपणा. आम्ही राहायला येताना अ‍ॅग्रीमेंटची कॉपी तुम्हाला पाहिजे, पोलिस व्हेरिफिकेशन पाहिजे, फोटो पाहिजे, एनओसी तुमची पाहिजे, काही ठिकाणी तर इंटरव्ह्यू होतो, माझ्या नवऱ्याला एका सोसायटीत आडनावावरून तीन प्रश्न विचारले होते. सामान हलवायचे पैसे घेता. ओनरकडून नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याबद्दलचे पैसे) घेता, जे सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत (1 ऑगस्ट 2001 चा सरकारी आदेश आहे, जरा स्वतःची बिलं तपासा), आणि ओनर ते आमच्याच भाड्यात घालतो. हे सगळं करताना आमचं राहणं खाजगी नसतं. भांडण झालं की लगेच खाजगी.

दुसरी, माहिती दाबून ठेवणं. सगळ्या बिल्डिंगची अ‍ॅग्रीमेंटं तुमच्या फायलीत आहेत, कुठल्या फ्लॅटला किती भाडं हे फक्त तुम्हाला आणि एजंटला माहिती. एजंटला तर भाडं जितकं जास्त तितकी ब्रोकरेज, त्यामुळे तो ओनरला "मार्केट आता 25 चं आहे" असं दर वर्षी फोन करून सांगणारच. आमच्या ओनरना तो आकडा कोणी दिला होता? त्यानेच.

तिसरी, 11 महिन्यांचं खूळ. लोकांना वाटतं 11 महिन्यांचं केलं की रजिस्टर करावं लागत नाही. आपल्याकडे त्याच 1999 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि नोंदणी केलेलंच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, नाही केलं तर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदसुद्धा होऊ शकते. आणि अ‍ॅग्रीमेंट नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच आधी खरं धरलं जातं, हे ओनरलोकांनी जरा दोनदा वाचा. स्टँप ड्युटी 60 महिन्यांपर्यंत तीच 0.25 टक्के. मग तीन वर्षांचं करा ना, दर वर्षी किती वाढणार ते आधीच लिहा, निम्मी भांडणं जन्मालाच येणार नाहीत. हे कमिटीने एका कागदावर छापून नव्या ओनरच्या हातात दिलं तर काय बिघडतं? लॅमिनेट करून लावायचंच असेल तर हे लावा!

चौथी तक्रार छोटी आहे. कमिटीच्या मीटिंगमध्ये आम्हाला बसू देत नाही, ठीक आहे, मेंबर नाही आम्ही. पण आमच्याबद्दलचा ठराव आम्हाला लिफ्टमध्ये वाचायला मिळतो हे बरं दिसत नाही.

तर मागण्या अशा.

ती नोटीस काढा. आजच.

प्रत्येक चार-पाच सोसायट्यांनी मिळून तीन जणांचं एक पॅनल करा. त्यात किमान एक बाई पाहिजे, एक जण स्वतः भाड्याने राहणारा पाहिजे, आणि ज्या बिल्डिंगचा वाद त्या बिल्डिंगच्या कमिटीतला कोणी नको. इस्टेट एजंट तर कुठल्याच परिस्थितीत नको. रिटायर झालेले शिक्षक, बँकवाले, कोर्टातले क्लार्क, आपल्या भागात अशी माणसं ढिगाने आहेत आणि सकाळी टेकडीवरून आल्यावर त्यांना वेळही असतो. त्यांनी निकाल द्यायचा नाहीये, दोघांना बोलतं करायचंय. त्यांच्याकडे आलं की 15 दिवसांत काय ते व्हावं, आणि तोपर्यंत भाडेकरूने जुनं भाडं वेळेवर भरायचं, ओनरने पाणी, लाईट, कुलूप यांना हात लावायचा नाही आणि एजंटला घर दाखवायला पाठवायचं नाही. कोणावर जबरदस्ती नको, ज्याला यायचं नाही त्याने लेखी नाही म्हणावं.

भाडं वाढवायचं असेल तर तीन महिने आधी लेखी कळवायची शिस्त तुमच्या सोसायटीपुरती तरी लावा, ठराव करून ओनरना विनंती म्हणून. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात हेच तीन महिने आहेत, आणि राहत्या घराला डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं. तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे, आपल्याकडे अजून 1999 चाच कायदा चालतो, पण चांगली गोष्ट उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. तशी ती तीन महिन्यांची शिस्त भाडेकरूंनाही लागू करा, सोडून जायचं असेल तर आधी सांगावं. माझ्या आईसाठी हे मुद्दाम मागतेय.

वर्षातून एकदा नावं आणि फ्लॅट नंबर न लिहिता एवढंच बोर्डावर लावा की आपल्या सोसायटीत वन बीएचके एवढ्यापासून एवढ्यापर्यंत, टू बीएचके एवढ्यापासून एवढ्यापर्यंत, फर्निचर असेल तर इतकं जास्त. मार्केटचा बागुलबुवा तिथल्या तिथे बसेल.

आणि विधी सेवेच्या साहेबांना आणि मॅडमना विनंती. महिन्यातून एका रविवारी तुमचा एखादा पॅरालीगल व्हॉलंटियर (कायद्याची प्राथमिक माहिती देणारा स्वयंसेवक) आमच्या भागात पाठवा, पॅनलच्या लोकांना एक दिवसाचं ट्रेनिंग द्या, आणि डिपॉझिट अडकलेली जी प्रकरणं असतील ती पुढच्या राष्ट्रीय लोक अदालतीत दाखलपूर्व म्हणून घ्या. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते हेसुद्धा आमच्या बिल्डिंगमधल्या एकीलाही माहिती नव्हतं, मलाही नव्हतं. आणि यात माझ्यासारख्यांपेक्षा जास्त गरज पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या मुलींना आहे, ज्यांच्याकडे अ‍ॅग्रीमेंटच नसतं, कॉटबेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरते, पैसे देतात आणि अर्ध्या रात्री बॅग बाहेर ठेवली जाते. त्यांच्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.

आम्ही सहा भाडेकरू आणि तीन ओनर (हो, माझेपण त्यात आहेत) मिळून सुरुवात करायला तयार आहोत. खालचे काका पॅनलवर यायला तयार आहेत, फक्त आमच्या बिल्डिंगच्या केसला बसणार नाही म्हणाले, म्हणजे त्यांना नियम आधीच कळलाय. पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी 10 ते 12 घ्यायचा विचार आहे. त्यासाठी क्लबहाऊस पाहिजे. ते भाडेकरूंना देत नाही हे माहितीये, म्हणून ओनरच्या नावाने अर्ज केलाय. दोन तासांचं भाडं किती ते कळवा. आणि गेल्या वर्षीपेक्षा वाढवलं असेल तर आधी बसून बोलू.

आपली,
बी विंगमधली एक भाडेकरू